जलरंगाची पहिली डबी आणि एक दिवा

सुरुवात : लासूर स्टेशनसारखे गाव असो की मुंबई, शाळकरी मुलांची जलरंगांशी गाठ पडते ती बहुधा ‘कॅमल’च्या डबीतून. ही डबी बनवणारी कंपनी दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये मुंबईत काढली. पुढे चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांत हात तयार होतो.

पहिला धडा : पारदर्शक जलरंगात उजेड रंगवायचा नसतो, राखायचा असतो. कोरा कागद हाच पांढरा रंग. म्हणून फिकट छटेकडून गडद छटेकडे जायचे. ओल्या थरावर घाईने दुसरा थर दिला की रंग गढूळ होतो.

पाहावेच असे चित्र : सावंतवाडीचे सा. ल. हळदणकर (१८८२–१९६८) यांनी १९४५-४६ च्या सुमारास ‘ग्लो ऑफ होप’ रंगवले. समोर बसली होती त्यांची मुलगी गीता. एका हातात दिवा, ज्योतीला दुसऱ्या तळहाताचा आडोसा. बोटांच्या फटींतून लालसर उजेड झिरपतो आणि चेहरा उजळतो. सारे काही जलरंगात!

मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. अनेकजण ते राजा रविवर्म्याचे समजतात. रविवर्मा मात्र १९०६ मध्येच निवर्तले होते.