'धर्म मानणे' आणि कायदा : बौद्धांच्या मान्यतेचा प्रश्न (१९५६-१९९०)

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीच्या दिवशी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी नागपूर येथे भदन्त चंद्रमणी महास्थवीर यांच्याकडून बौद्ध धम्माची दीक्षा घेतली व नंतर आपल्या लाखो अनुयायांना ती दिली. धंतोलीपासून फार दूर नसलेल्या दीक्षाभूमीवरील या घटनेचे धार्मिक व सामाजिक विवेचन मराठीत विपुल झाले आहे. तिच्या कायदेशीर परिणामांकडे त्या मानाने कमी लक्ष गेले.

धर्म बदलणे आणि तो बदल राज्यसंस्थेने मान्य करणे या दोन भिन्न गोष्टी होत. फ्रान्समधील ह्यूगेनॉट पंथीयांना १५९८ च्या नान्त येथील आज्ञापत्राने मर्यादित उपासनास्वातंत्र्य मिळाले, ते १६८५ मध्ये चौदाव्या लुईने काढून घेतले, आणि आपले जन्म, विवाह व मृत्यू कॅथलिक धर्मगुरूंविना नोंदविण्याचा अधिकार त्यांना १७८७ मध्ये मिळाला. भारतीय बौद्धांपुढे उपासनेच्या बंदीचा प्रश्न नव्हता. राज्यघटनेच्या कलम २५ ने ते स्वातंत्र्य दिलेलेच होते. त्यांची कोंडी निराळी होती.

१९५० च्या अनुसूचित जाती आदेशातील तिसऱ्या परिच्छेदानुसार हिंदूहून भिन्न धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जात नसे. शिखांचा त्यात १९५६ मध्ये समावेश झाला, बौद्धांचा झाला नाही. परिणामी दीक्षा घेणाऱ्याची शिष्यवृत्ती, नोकरी व राखीव जागा धोक्यात आली. गावकुसाबाहेरची वस्ती आणि अस्पृश्यतेचा अनुभव मात्र दीक्षेने संपला नव्हता. घरी बुद्धमूर्ती आणि दाखल्यावर जुनी जात, असे दुहेरी जीवन अनेक कुटुंबांना पत्करावे लागले. त्याला ढोंग म्हणणे अन्यायाचे ठरेल. असे असूनही १९६१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २७.९ लक्ष लोकांनी स्वतःस बौद्ध म्हणून नोंदविले, हे विशेष.

'मानणे' म्हणजे काय, हा प्रश्न नागपूर भागातील एका निवडणूक तंट्यातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. पंजाबराव विरुद्ध डी. पी. मेश्राम (१९६४) या खटल्यात राखीव जागेवरून निवडून आलेल्या उमेदवाराने बौद्ध धर्म स्वीकारल्याचा आक्षेप होता. धर्म मानणे म्हणजे तो उघडपणे जाहीर करणे, असा अर्थ न्यायालयाने लावला व आक्षेप मान्य केला. कलम २५ च्या स्पष्टीकरणात हिंदू या शब्दात बौद्धांचाही अंतर्भाव होतो, हा युक्तिवाद टिकला नाही. येथील विसंगती लक्षणीय आहे : १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कक्षेत बौद्ध येत होते, पण आरक्षणापुरते ते हिंदू नव्हते.

महाराष्ट्र शासनाने १९६० नंतर 'नवबौद्धां'ना राज्याच्या अखत्यारीतील सवलती दिल्या. तथापि केंद्रीय सेवा व लोकसभेच्या राखीव जागा राज्याच्या हाती नव्हत्या. त्यासाठी १९९० पर्यंत थांबावे लागले. त्या वर्षीच्या दुरुस्तीने आदेशात 'हिंदू, शीख किंवा बौद्ध' असे शब्द आले. दीक्षेपासून हा काळ ३४ वर्षांचा होतो, म्हणजे दीक्षाभूमीवर त्रिशरण म्हणणाऱ्यांची मुले तोवर नोकरीच्या वयाची मर्यादा ओलांडून गेली होती. स्वतंत्र बौद्ध विवाह कायद्याची मागणी यानंतरही होत राहिली.