गाडीचा पत्रा, रंग आणि गॅरेजची पारख

टिटवाळा-कल्याण परिसरात पावसाळ्याची दमट हवा दीर्घकाळ टिकते आणि रंग निघालेला पत्रा लवकर गंजतो, त्यामुळे गाडीला पडलेला पोचा हा केवळ शोभेचा प्रश्न राहत नाही. नव्या गाडीवरील रंगाची जाडी साधारणपणे १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या ते सातव्या हिश्श्याएवढी असते आणि तीत गंजरोधक प्रायमर, मूळ रंग व पारदर्शक क्लिअर कोट असे थर असतात. चांगले डेंटिंग-पेंटिंगचे गॅरेज आधी पत्रा शक्य तितका सपाट करते आणि पुट्टी, म्हणजे खळगा भरणारा लेप, पातळ ठेवते, कारण जाड लेपाला कालांतराने तडे जातात. त्यानंतर गाडीवरील पट्टीवर नोंदलेल्या रंगसंकेतानुसार छटा जुळवून ते बंदिस्त, धूळविरहित बूथमध्ये रंग फवारते. दुरुस्तीचा खर्च विम्यातून भागवायचा असेल, तर साध्या सर्वसमावेशक विम्यात बंपरसारख्या प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा, म्हणजे वापरामुळे घटलेले मूल्य, वजा होतो आणि कॅशलेस सोय, म्हणजे विमा कंपनीने गॅरेजचे बिल थेट भरणे, सहसा तिच्याशी करार असलेल्या गॅरेजमध्ये मिळते. म्हणून सुटे भाग, मजुरी व रंग यांचा खर्च वेगवेगळा दाखवणारे अंदाजपत्रक आणि रंगाची हमी लेखी घ्यावी, तसेच विमा कंपनीची पाहणी होईपर्यंत काम सुरू करू देऊ नये.