लाइन लॉकचं काम घेताय? ३६ हजारांचं बिल मला कसं महागात पडलं



मागच्या व्हिडिओत मी टेबलावर दोन नट ठेवले होते आणि तुम्हाला विचारलं होतं, यातला मोठा कुठला? बहुतेकांनी सांगितलं, दोन्ही सारखेच. बरोबर आहे, दिसायला सारखेच आहेत. त्यातल्या एका नटाने माझे २६ हजार रुपये खाल्ले. व्हिडिओत ती गोष्ट घाईत उरकावी लागली, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. तुमचं गॅरेज असेल, ॲक्सेसरीजचं दुकान असेल, नाहीतर अजून फक्त डोक्यात प्लॅन असेल, तरी वाचा.

आमचं दुकान भोसरीत. ॲक्सेसरीज, ब्रेकचं काम, थोडंफार परफॉर्मन्सचं काम. एका शनिवारी कोल्हापूरहून एक तरुण निसान ३७०झेड घेऊन आला. दोन सीटची, मागच्या चाकांवर चालणारी, ३.७ लिटर इंजिनची स्पोर्ट्स कार. तीन आठवड्यांनी त्याला ड्रॅग रेसला उतरायचं होतं. म्हणाला, "दादा, लाइन लॉक बसवून पाहिजे. किती होतील?"

लाइन लॉक म्हणजे काय, ते आधी समजून घ्या. ड्रॅग रेस म्हणजे उभ्या गाडीपासून सरळ रेषेत पळायचं, बहुधा पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर. हा खेळ अमेरिकेचा. कॅलिफोर्नियात सांता आना इथे १९५० मध्ये त्याची पट्टी सुरू झाली आणि १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांनी एनएचआरए ही संघटना काढली. तिथले ड्रायव्हर सुरुवातीच्या रेषेवर जाण्याआधी मागची चाकं जागच्या जागी फिरवून टायर गरम करतात. त्याला बर्नआउट म्हणतात. रबर गरम झालं की रस्त्याला चिकटतं. पण मागची चाकं फिरवताना गाडी पुढे जायला नको. ब्रेक दाबून ठेवावा तर तो चारही चाकांना लागतो, मग मागची चाकं ब्रेकशी भांडत बसतात. लाइन लॉक इथे कामाला येतो. पुढच्या ब्रेकच्या पाइपमध्ये विजेवर चालणारी एक छोटी झडप बसवायची. पेडल जोरात दाबायचं, बटन दाबून धरायचं, मग पेडल सोडायचं. पुढच्या चाकांतलं प्रेशर तिथेच कोंडून राहतं आणि मागची चाकं मोकळी होतात. बटन सोडलं की प्रेशर परत जातं आणि गाडी सुटते. रेषेवर उभं राहिल्यावर गाडी घरंगळू नये म्हणूनही हेच बटन वापरतात. हर्स्ट कंपनी तर या वस्तूला 'रोल कंट्रोल' याच नावाने विकते.

वीज गेली तर झडप उघडीच राहते, म्हणजे ब्रेक नेहमीसारखे लागतात. कल्पना साधी आणि चांगली आहे. अडचण असते ती बसवण्यात.

किंमत सांगण्याआधी मी त्याला तीन गोष्टी विचारल्या. या तीन प्रश्नांनी दहातली सात गिऱ्हाइकं परत जातात. ती जाऊ द्यायची.

पहिला प्रश्न, गाडी कुठल्या चाकांवर चालते? पोलो, ऑक्टाव्हिया, सिटी या सगळ्या पुढच्या चाकांवर चालतात. त्यांना चाक फिरवायचंय पुढचं आणि अडवायचंय मागचं. मागचं चाक अडवायला गाडीत हँडब्रेक आहेच की! तरी अमेरिकेतले व्हिडिओ बघून लोक विचारायला येतात. किट विकायचं मनात आणलं तर विकता येतं, पण मित्रांमध्ये त्याचं हसं झालं की तुमचं नाव निघणार. आणि काही गाड्यांत ही सोय कंपनीनेच दिलेली असते. फोर्डने अमेरिकेत २०१५ च्या मस्टँग जीटीपासून इलेक्ट्रॉनिक लाइन लॉक दिला. तो एबीएसच्या युनिटकडूनच पुढचे ब्रेक धरून ठेवतो, वेगळी झडप लागत नाही. म्हणून गाडीचं मॅन्युअल आधी वाचायचं. गिऱ्हाइकाने ते उघडलेलं नसतं.

दुसरा प्रश्न, टायर कुठले? रस्त्यावरचे साधे टायर असतील तर लांब बर्नआउटचा फायदा जवळजवळ नाही. खडे आणि माती झटकण्यापुरतं थोडं फिरवलं की पुरे, बाकीचा नुसता धूर. खास ड्रॅगचे मऊ टायर असतील तर गोष्ट वेगळी. या मुलाने त्यासाठी वेगळे रिम आणि टायर घेतले होते. म्हणजे माणूस गंभीर होता.

तिसरा प्रश्न, पळवणार कुठे? लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर 'द व्हॅली रन' होते, तसल्या परवानगीच्या ठिकाणी असेल तर बोलू. "हायवेवर रात्री" असं उत्तर आलं की मी चहा पाजतो आणि निरोप देतो. मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ सार्वजनिक रस्त्यावरच्या शर्यतीसाठीच आहे. गाडीत केलेल्या बदलांसाठी कलम ५२ आहे. विम्याचा क्लेम अडकू शकतो तो वेगळाच. हे गिऱ्हाइकाला तोंडी नाही, जॉब कार्डवर लिहून सांगायचं आणि सही घ्यायची. पण एक लक्षात ठेवा, सही घेतली म्हणून तुमचा निष्काळजीपणा माफ होत नाही.

तर काम घेतलं. आता हिशोब बघा. बीबीएत आम्हाला शिकवलं होतं, खर्च काढा, त्यावर मार्जिन लावा, झाली किंमत. मी तेच केलं. अमेरिकेहून मागवलेलं किट भाडं आणि कस्टम ड्युटी धरून १९ हजारांना पडलं. पाइप, ॲडॉप्टर, ब्रेक ऑइल साडेतीन हजार. वर मजुरी आणि मार्जिन मिळून साडेतेरा हजार. एकूण ३६ हजार. पाच तासांचं काम धरलं होतं. तपासणीचा एक तासही त्यात धरला नव्हता.

कामाला लागलो. मास्टर सिलिंडरमधून निघालेला पाइप एबीएसच्या युनिटमध्ये जातो आणि तिथून चार चाकांकडे चार पाइप फुटतात. आम्ही झडप मास्टर सिलिंडर आणि एबीएसच्या मध्ये, पुढच्या चाकांच्या पाइपवर बसवायचं ठरवलं. कुठला पाइप पुढचा आणि कुठला मागचा हे अंदाजाने ठरवायचं नसतं. काही गाड्यांत, विशेषतः पुढच्या चाकांवर चालणाऱ्यांत, ब्रेकची विभागणी तिरकी असते, एक पुढचं आणि समोरच्या बाजूचं मागचं चाक एका पाइपवर. तिथे झडप लावली तर सगळाच घोळ. आम्ही हे नीट तपासलं. पाइपही स्टीलचाच वापरला. बाजारात एसीचा तांब्याचा पाइप ब्रेकला लावणारे लोक आहेत. तांबं हादऱ्यांनी कडक होतं आणि तडकतं. तसं कधीही करू नका. इथपर्यंत आम्ही शहाण्यासारखे वागलो.

मग आला तो नट. किटसोबत नटांची एक पिशवी होती. अमेरिकन नट तीन-अष्टमांश इंची, म्हणजे साडेनऊ मिलिमीटर, आणि इंचाला २४ आटे. जपानी गाडीच्या मास्टर सिलिंडरला लागतो १० मिलिमीटरचा, एक मिलिमीटर अंतराच्या आट्यांचा. म्हणजे जाडीत अर्ध्या मिलिमीटरचा फरक. इंची नट १० च्या भोकात हाताने अगदी छान जातो, उलट जरा जास्तच सहज जातो. संध्याकाळचे सात वाजलेले, कस्टमर ऑफिसात बसलेला, दर दहा मिनिटांनी "झालं का?" विचारतोय. पाइप मी स्वतः बसवला. पाना फिरवला, नट घट्ट झाला. हवा काढली, पेडल कडक लागलं. बटन दाबून बघितलं, पुढची चाकं धरली जात होती, सोडली की मोकळी होत होती. मी म्हटलं, चला, बिल काढा.

आमचे मिस्त्रीकाका म्हणाले, "आज गाडी सोडायची नाही." त्यांची जुनी पद्धत आहे. ब्रेकचा पाइप उघडला की सीट आणि पेडलच्या मध्ये लाकडी फळी अडकवून पेडल रात्रभर दाबलेलं ठेवायचं आणि प्रत्येक जोडाखाली कोरा कागद टाकायचा. मी जरा चिडलोच. कस्टमरला लॉजवर राहावं लागणार, तो नाराज होणार. पण काका माझ्या वडिलांच्या वेळचे, त्यांना नाही म्हणता आलं नाही.

सकाळी मास्टर सिलिंडरखालच्या कागदावर रुपयाएवढा डाग होता.

नट खोलला तर आट्यांना चकाकणारी कीस लागलेली. आटे नुसते टोकांवर टेकलेले होते, मी पाना लावून ते अर्धे सोलून काढले होते. पेडलच्या प्रेशरने ते हळूहळू सुटत होते. मास्टर सिलिंडरचे आटे गेलेच होते. आता विचार करा, ही गाडी पाव मैलाच्या शेवटी ताशी दीडशेच्या वर असते आणि तिथे ड्रायव्हर पूर्ण ताकदीने ब्रेक मारतो. तिथे तो नट सुटला असता तर पुढचं सर्किट गेलं असतं. मागचं राहतं, पण गाडी थांबवण्याचं मोठं काम पुढची चाकं करतात. त्या मुलाचं वय २४. त्याची आई आदल्या दिवशी दोनदा फोनवर विचारत होती, जेवलास का म्हणून.

मी त्याला ऑफिसात बसवलं, दोन्ही नट हातात दिले आणि चूक माझी आहे हे सांगितलं. तो भडकला, आणि त्याचं बरोबर होतं. नवीन मास्टर सिलिंडर बाहेरून मागवावा लागला, २६ हजार, माझ्या खिशातून. गाडी नऊ दिवसांनी गेली. साडेतेरा हजार मिळणार होते, उलट साडेबारा हजार गेले, मिस्त्रीकाकांचा आणि पोरांचा पगार वेगळा. रेस मात्र त्याला मिळाली. नंतर त्याने आणखी दोन गाड्या पाठवल्या. का पाठवल्या, ते मी त्याला विचारलं नाही.

आज याच कामाचं माझं क्वोटेशन ५२ हजार असतं. त्यात 'तपासणी' ही वेगळी ओळ असते, ९ हजारांची, आणि तिच्यात काय काय येतं ते खाली लिहिलेलं असतं. व्हर्नियर आणि थ्रेड गेज लावून प्रत्येक नट मोजणं. पाइपचं टोक कसं दुमडलंय ते बघणं, कारण जपानी आणि युरोपीय गाड्यांत ते बहुधा वेगळं असतं. एबीएसमध्ये हवा शिरली असेल तर स्कॅनर लावून ती काढणं. मग रात्रभर फळी, सकाळी कागद, आणि शेवटी आवारात अगदी हळू गाडी फिरवून बटन सोडल्यावर ब्रेक पूर्ण सुटतोय का ते पाहणं. धरतोय की नाही हे सगळेच बघतात. सुटतोय की नाही हे कुणी बघत नाही आणि अडकलेल्या ब्रेकने डिस्क लाल होते. पूर्वी हे सगळं मी 'फुकट' करायचो, म्हणजे घाई असली की करायचोच नाही. ओळ बिलात आल्यापासून ती टाळता येत नाही, कारण गिऱ्हाइक तिचे पैसे देतंय आणि फोटो मागतंय.

आणखी एक गोष्ट जॉब कार्डवर छापून घेतली आहे: हा पार्किंग ब्रेक नाही. झडपेची कॉइल सतत चालू ठेवायला बनवलेली नसते, ती तापते, आणि वीज गेली की गाडी मोकळी. घाटात हे बटन दाबून थांबणारे बहाद्दर मी पाहिले आहेत.

धंदा म्हणून विचाराल तर लाइन लॉकवर दुकान चालत नाही. तीन वर्षांत आम्ही चार बसवले. पण चौकशीला आलेल्या लोकांकडून ब्रेक ऑइल बदलणं, पॅड, चांगले होज, अशी कामं निघतात. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं आणि लवकर उकळायला लागतं, हे बऱ्याच हौशी लोकांना माहीतच नसतं. "तुम्हाला लाइन लॉकची गरज नाही, पण तुमचं ऑइल काळं झालंय," एवढं एक वाक्य मला त्या किटपेक्षा जास्त कमवून देतं.

शेवटी तुमच्यापैकी पुष्कळांनी विचारलेला प्रश्न. कस्टमर ऑनलाइन किट घेऊन स्वतःच आला तर? लावतो. वस्तूची गॅरंटी माझी नाही, मजुरी आणि तपासणी पूर्ण. तपासणीची ओळ काढा म्हणाला तर किट पिशवीत घालून परत. गेल्या महिन्यात एकाला असंच परत दिलं. त्याने दुसरीकडे ८ हजारांत बसवून घेतलं, आणि मला मेसेज करून कळवलंही. परवा त्याचा फोन आला, पेडल खाली जातंय, येऊ का? मी म्हटलं, या, पण गाडी चालवत आणू नका, टोइंगवर घाला. आत्ता हे लिहितोय तेव्हा ती गाडी स्टँडवर आहे, आणि मिस्त्रीकाका फळी शोधतायत.