मुक्या जनावरांच्या रक्ताची साक्ष

गेल्या वर्षीं श्रावणांत, गौरी-गणपतीस आठवडाभर अवकाश असतां, पालीच्या आमच्या आप्तांकडून निरोप आला कीं, तांबू गाय गाभटली. पाली म्हणतांच वाचकांना बल्लाळेश्वर आठवेल. पण ती पाली रायगड जिल्ह्यांतली. ही रत्नागिरी जिल्ह्यांतली, मुंबई-गोवा हमरस्त्यावर हातखंब्याच्या पुढें लागणारी. घर जुन्या वळणाचें. तीन भाऊ, त्यांचीं बायकामुलें, सुना, अशीं चौदा माणसें एका चुलीवर जेवतात, आणि मागील दारीं गोठ्यांत लहानमोठीं सहा गुरें आहेत. सणाच्या तोंडावर सात महिन्यांची गाभण गाय गाभ टाकते, याचें दुःख ज्यांच्या दारीं गाय आहे त्यांनाच कळावयाचें. आम्ही गणपतीस जाणारच होतों. दोन दिवस आधीं निघालों.

तेथें पोहोंचल्यावर सारी हकीकत कळली. तांबूची वार अडकली होती, ती थोरल्या वहिनींनीं उघड्या हातांनीं ओढून काढली. पांचवा महिना लागलेली धाकटी सून विजेरी धरून शेजारीं उभी होती. टाकलेला गाभ गड्यानें परड्याच्या कडेस पुरला, पण खड्डा उथळ पडला आणि दुसऱ्या दिवशीं कुत्र्यांनीं तो उकरला. शिवाय घरच्या वडील काकांचा नेम असा कीं, रोज सकाळीं पेलाभर धारोष्ण दूध घ्यावयाचें. पशुवैद्यांनीं हें सर्व शांतपणें ऐकून घेतलें आणि म्हणाले, “हा सांसर्गिक गर्भपात असूं शकेल. तो असला, तर प्रश्न एकट्या गाईचा नाहीं. तुमच्या घराचा आहे.” माजघरांत क्षणभर कोणी बोललें नाहीं. सर्वांची दृष्टि त्या धाकट्या सुनेकडे गेली.

हा रोग नवा नव्हे. १८८७ सालीं माल्टा बेटावर डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरनें तापानें मेलेल्या शिपायांच्या प्लीहेंत या कुळांतील जंतु शोधून काढिले. त्याच्याच नांवावरून रोगास ब्रुसेल्लोसिस म्हणूं लागले. पुढें १९०५ सालीं थेमिस्टोक्लिस झॅमिट यानें तेथील शेळ्यांत हे जंतु दाखवून दिले आणि त्यांच्या कच्च्या दुधावाटे ताप माणसांत शिरतो हें उघडकीस आलें. या रोगानें गाय बहुधा पांचव्या महिन्यानंतर गाभ टाकते, आणि टाकलेला गाभ, वार व स्राव यांत जंतूंचा नुसता बुजबुजाट असतो. माणसास चढउतार ताप, घाम, सांधेदुखी व कंबरदुखी महिनोन् महिने छळते. हिंवताप किंवा विषमज्वर समजून भलतेच उपचार होत राहतात. गरोदर स्त्रीस तर गर्भपाताचें भय. मात्र रोग वेळीं ओळखला, तर कित्येक आठवडे नेमानें औषध घेऊन माणूस बरा होतो.

वेळीं ओळखणें, हीच तर अडचण. गाय बोलत नाहीं. गाभ टाकल्यावर चार दिवसांनीं ती पूर्वींसारखी चरूं लागते. बोलतें तें तिचें रक्त; पण त्याची साक्ष काढण्याची रीत आहे, आणि ती रीत चुकली तर साक्षही खोटी ठरते. आज येथें सांगावयाचें आहे तें याच रीतीविषयीं.

कोणताही रोगजंतु शरीरांत शिरला म्हणजे शरीर त्याच्याशीं झुंजण्यासाठीं रक्तांत प्रतिद्रव्यें तयार करितें. ज्या जंतूसाठीं जें प्रतिद्रव्य, तें त्यालाच जाऊन चिकटतें. एका कुलपास एकच किल्ली. या गुणाचा उपयोग करून १९७१ सालीं स्टॉकहोम येथें ईव्हा एंग्वाल आणि पीटर पर्लमान यांनीं एक परीक्षा सिद्ध केली. त्याच सुमारास हॉलंडांतील संशोधकही स्वतंत्रपणें तेथेंच पोहोंचले. तिला इंग्रजी आद्याक्षरांवरून एलायझा म्हणतात. आमच्या वाचकभगिनींनीं डोळ्यांपुढें आप्पेपात्र आणावें. तशीच एक प्लॅस्टिकची तबकडी. तींत आठ ओळींत बारा-बारा, असे ९६ इवले खळगे. प्रत्येक खळग्याच्या तळास मेलेल्या जंतूंचा अर्क आधींच चिकटविलेला असतो. त्यांत गाईचें रक्तजल, म्हणजे रक्त गोठल्यावर वर सुटणारें पिंवळसर पाणी, पातळ करून घालतात. त्यांत प्रतिद्रव्यें असलीं तर तीं तळास चिकटून बसतात; बाकीचें धुऊन टाकतात. मग या प्रतिद्रव्यांनाच चिकटणारें दुसरें द्रव्य घालतात. त्याला एक विकर जोडलेलें असतें. पुन्हां धुतात. शेवटीं एक रंगहीन पाणी घालतात. विकर तेथें टिकून राहिलें असेल, तरच तें पाणी निळें होतें. त्यावर आम्लाचा थेंब टाकला म्हणजे पिंवळें होतें. रंग किती गडद, हें डोळ्यांनीं न ठरवितां यंत्र मोजतें आणि आंकडा देतें.

ऐकावयास हें सोपें वाटतें. पण धुणें एकदां कमी पडलें, तर निरोगी गाईचा खळगाही रंगतो. द्रव्यें थंड पेटींतून काढून तशींच वापरलीं, वेळ पांच मिनिटें कमीजास्त झाली, मापाची नळी तपासलेली नसली, तर आंकडा ढळतो. म्हणून प्रत्येक तबकडींत ठाऊक असलेल्या रोगी जनावराचें आणि ठाऊक असलेल्या निरोगी जनावराचें रक्तजल मुद्दाम घालतात. अनेक प्रयोगशाळा प्रत्येक नमुना दोन खळग्यांत तपासतात. ते ठाऊक नमुने आपल्या मर्यादेंत उतरले नाहींत, तर सबंध तबकडी रद्द. आमच्या आज्या सोंवळ्यांत जी काटेकोर शिस्त पाळीत, तीच येथें पाळावी लागते. फरक इतकाच कीं, येथें चुकीचें प्रायश्चित्त गाईला भोगावें लागतें.

आणि ही शिस्त प्रयोगशाळेच्या दारापाशीं सुरू होत नाहीं. ती गाईच्या मानेच्या शिरेपाशीं सुरू होते. याचा धडा आमच्याच घरानें घेतला. पहिले नमुने पुण्यास नेण्याचें काम घरच्या एका पुतण्यानें उत्साहानें पत्करलें. वाटेंत तो मित्राकडे जेवावयास थांबला. पेटी उन्हांत राहिली, बर्फ वितळलें, रक्तांतील तांबड्या पेशी फुटल्या आणि रक्तजल लालभडक झालें. प्रयोगशाळेनें तें घेतलें नाहीं, हें योग्यच केलें. खराब नमुन्याचें उत्तर देण्यापेक्षां उत्तर न देणें प्रामाणिकपणाचें. नमुने पुन्हां घेतले. या वेळीं रक्तजल वेगळें काढून, प्रत्येक नळीवर गाईचें नांव व कानांतील बिल्ल्याचा क्रमांक लिहून, बर्फांत घालून पाठविले.

मध्यंतरीं पशुवैद्यांनीं रोज बेंगाल नांवाची झटपट परीक्षा केली. थेंबाशीं थेंब मिसळला आणि दोन नमुन्यांत गुठळ्या दिसल्या: एक तांबूचा, दुसरा दीड वर्षांच्या कालवडीचा. त्या रात्रीं घरांत वाद झाला. मधले बंधु म्हणाले, “बोभाटा होण्याआधीं दोन्ही जनावरें बाजारांत काढावीं.” त्यावर काकू, ज्या सहसा पुरुषांच्या बोलण्यांत पडत नाहींत, त्या म्हणाल्या, “जिच्या पायां पडून आपण वसुबारस करतों, तिला दुसऱ्याच्या गोठ्यांत रोग पेरावयास पाठवायची काय? त्या घरीं सुना नाहींत?” विषय तेथेंच संपला.

परंतु गुठळ्या दिसल्या म्हणजे रोग ठरला, असेंही नाहीं. येथें थोडें गणित करावें लागेल. उदाहरणादाखल अशी परीक्षा धरा कीं, जी शंभर रोगी गाईंतील ९५ ओळखते आणि शंभर निरोगी गाईंतील दोघींवर चुकून ठपका ठेवते. एक हजार गाईंत खरोखर रोगी २० असतील, तर ती त्यांतल्या १९ बरोबर पकडील; पण उरलेल्या ९८० निरोगी गाईंतील सुमारें २० तिच्या जाळ्यांत सांपडतील. म्हणजे दोषी ठरलेल्यांपैकीं निम्म्या निर्दोष! तीच परीक्षा रोगी गाई २०० असलेल्या कळपांत लावली, तर १९० खऱ्या आणि अवघ्या १६ खोट्या निघतील. परीक्षा तीच, विश्वास मात्र कळपागणिक बदलतो. म्हणून एकीनें संशय घ्यावा आणि दुसरीनें तो पारखावा, असा दंडक आहे. तीन आठवड्यांनीं रक्त पुन्हां घेण्याचें कारणही असेंच: कित्येकदां गाय गाभ टाकते त्या वेळीं प्रतिद्रव्यें पुरतीं तयार झालेलीं नसतात, आणि रोगी गाय निरोगी ठरते.

आपल्याकडे या निर्णयाचें मोल अधिकच. कित्येक पाश्चात्त्य देशांनीं दोषी जनावर कापून हा रोग हटविला. महाराष्ट्रांत १९७६ च्या कायद्यानें गोवध निषिद्ध आहे; दोषी ठरलेल्या गाईस जन्मभर वेगळें ठेवावें लागतें. चुकून दोषी ठरविली तर निरपराध गाईस एकांतवास. चुकून निर्दोष ठरविली तर घरादारास धोका.

दुसऱ्या खेपेचे आंकडे अश्विनांत आले. तांबूचा आंकडा पहिल्यापेक्षां बराच वाढला होता. कालवडीचा पहिल्या वेळीं जेमतेम मर्यादेवर होता, तो तेथेंच राहिला. पशुवैद्यांनीं नोंदी काढल्या, तेव्हां समजलें कीं, सहाव्या महिन्यांत तिला या रोगाची लस टोंचलेली होती. २०१९ पासून राष्ट्रीय कार्यक्रमांत चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना ही लस एकदां देतात. तिचीं प्रतिद्रव्यें कांहीं जनावरांत पुष्कळ दिवस रेंगाळतात. तेव्हां ती साक्ष रोगाची नव्हती, लसीची होती. कालवड गोठ्यांत राहिली. उरलेल्या चारही जनावरांचें रक्त स्वच्छ निघालें.

रक्ताच्या साक्षीनें केवढें काम होऊं शकतें, याचें उदाहरण बुळकांडीचें. या रोगानें आमच्या पणज्यांच्या काळीं गोठेच्या गोठे ओस पडत. गुरांच्या रोगांचा अभ्यास करणारी सरकारी प्रयोगशाळा १८८९ सालीं प्रथम निघाली ती पुण्यास; पुढें ती हिमालयांत मुक्तेश्वरला गेली. लस टोंचून टोंचून बुळकांडी आटोक्यांत आली. १९९५ नंतर ती भारतांत दिसली नाहीं. पण ‘दिसली नाहीं’ म्हणजे ‘नाहीं’ नव्हे. म्हणून लस थांबविली आणि नंतर जन्मलेल्या गुरांचें रक्त गांवोगांव एलायझानें तपासलें. लस नसतां प्रतिद्रव्य सांपडलें असतें, तर रोग लपून बसला आहे असें ठरलें असतें. २००६ सालीं भारत या संसर्गांतून मुक्त ठरला, आणि २०११ सालीं सारें जग.

कोंबड्यांविषयीं एक शब्द. कारण आमच्या आप्तांच्या शेजारच्या वाडींत घरोघर कोंबड्या आहेत. तेथें एलायझा एका पक्ष्याची नव्हे, थव्याची परीक्षा असते. मानमोडीची लस लागू पडली कीं नाहीं, हें थव्यांतील कांहीं पक्ष्यांच्या रक्तावरून कळतें. पण पक्षी पटापट मरूं लागले, तर प्रतिद्रव्यें तयार होण्यास वेळच मिळत नाहीं. तेव्हां प्रत्यक्ष विषाणूच शोधावा लागतो. फेब्रुवारी २००६ मध्यें नंदुरबार जिल्ह्यांत नवापूरला बर्ड फ्लू आला, तेव्हां भोपाळच्या प्रयोगशाळेनें विषाणूच पकडला. जसा प्रश्न, तशी परीक्षा.

आतां पालीच्या घराचें. वहिनी, धाकटी सून व काका यांचें रक्त दोनदां तपासलें; सुदैवानें तिघांचेंही स्वच्छ निघालें. गोठ्यांत आतां हातमोजे आहेत; वार किंवा गाभ पडला तर खोल खड्डा खणून, चुना घालून पुरतात, आणि गरोदर बाई तेथें फिरकत नाहीं. काकांनीं धारोष्ण दुधाचा नेम सोडला; चांगलें उकळलेलें दूध घेतात, आणि त्यांत आतां पूर्वींची गोडी नाहीं असें रोज सांगतात. तांबूसाठीं परड्याच्या टोंकास निराळी शाकार केली. तिचें दूध काढीत नाहींत.

वसुबारसेस काकूंनीं गोठ्यांतल्या सवत्स गाईची पूजा केली. मग नैवेद्याचें दुसरें पान घेऊन त्या परड्यांत गेल्या, तें तांबूपुढें ठेवलें आणि लांबूनच हात जोडले. माघांत धाकट्या सुनेस मुलगी झाली.