इथेनॉलने खिशाला दिलासा मिळतो का?

पंपावरचा दर लिटरला असतो, पण गाडीला लागते ती ऊर्जा. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे 32 मेगाज्यूल ऊर्जा असते, इथेनॉलमध्ये साधारण 21. म्हणून 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या 'ई-20'मध्ये लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा कमी भरते.

पंधराचं अ‍ॅव्हरेज देणारी गाडी सहा टक्क्यांनी घसरून 14.1 वर आली, असं धरू. पेट्रोल शंभर रुपये लिटर असेल, तर हजार किलोमीटरला सव्वाचारशे रुपये जास्त लागतील. इथेनॉलचा ऑक्टेन अंक मात्र पेट्रोलपेक्षा जास्त. जास्त कॉम्प्रेशनचं इंजिन त्याचा फायदा उठवून ही तूट काहीशी भरून काढतं. जुन्या गाड्यांना ते जमत नाही.

ब्राझीलच्या वाहनचालकांना हे गणित तोंडपाठ आहे. तिथे 2003पासून कुठल्याही प्रमाणातलं मिश्रण चालणाऱ्या 'फ्लेक्स' गाड्या मिळतात आणि पंपावर दोन्ही इंधनांचे दर वेगवेगळे असतात. इथेनॉल पेट्रोलच्या 70 टक्के किमतीहून स्वस्त असेल तर ते भरायचं, नाहीतर पेट्रोल. निवड ग्राहकाच्या हातात!

भारतात ही निवडच नाही. इथेनॉल मिसळल्याने तेलाची आयात घटते, साखर कारखान्यांना उत्पन्नाची आणखी एक वाट मिळते. कोल्हापूर-सांगलीच्या ऊसपट्ट्यासाठी ही मोठीच गोष्ट. पण कमी झालेल्या मायलेजचा भार गाडीवाल्यावरच पडतो. नीती आयोगाच्या 2021च्या अहवालाने मायलेजमधली ही घट मान्य करून भरपाईसाठी करसवलत सुचवली होती. ती रास्त सूचना थेट पंपावरच्या दरात उतरायला हवी.