ताळेबंदापलीकडचं वाचन: सहा गैरसमज आणि वस्तुस्थिती

औंढा नागनाथ तालुक्यात पूर्णा नदीवर सिद्धेश्वर धरण आहे. त्याच्या वरच्या अंगाला जिंतूर तालुक्यात येलदरी, आणि सिद्धेश्वरहून निघणाऱ्या कालव्यांवर हिंगोली, परभणी, नांदेड या तीन जिल्ह्यांतली शेती. हळद, सोयाबीन, ऊस ही इथली पिकं. अलीकडे इथल्या तरुणांच्या मोबाइलमध्ये शेअर ठेवायची डीमॅट खातीही आली आहेत. खात्याच्या मागोमाग टिपा येतात, आणि टिपांच्या मागोमाग ‘वॉरन बफेट दिवसभर नुसता वाचत बसतो’ हे अमेरिकेतल्या नामवंत गुंतवणूकदाराबद्दलचं वाक्य येतं.

मूल्य पाहून गुंतवणूक करणारा माणूस शेअरकडे धंद्यातला वाटा म्हणून पाहतो. त्या धंद्याची किंमत तो स्वतः काढतो आणि बाजारात वाटा त्याहून बराच स्वस्त मिळाला तरच घेतो. मधलं अंतर तो स्वतःच्या चुकीसाठी राखून ठेवतो. हे काम वाचनाशिवाय होत नाही, यावर सगळ्यांचं एकमत आहे. मतभेद सुरू होतो तो काय वाचायचं आणि त्यातून नेमकं काय हाती लागतं, या प्रश्नावर.

गैरसमज १: हा आकड्यांचा खेळ आहे. गणित पक्कं असलं की बाकी वाचन शोभेचं.

वस्तुस्थिती: या पद्धतीचा पाया घालणारा बेंजामिन ग्रॅहम ग्रीक-लॅटिनमध्ये मुरलेला होता. १९१४ साली कोलंबिया विद्यापीठातून बाहेर पडताना त्याला इंग्रजी, गणित आणि तत्त्वज्ञान अशा तीन विभागांनी अध्यापनासाठी बोलावलं होतं. तो गेला वॉल स्ट्रीटवर. डेव्हिड डॉडबरोबर लिहिलेल्या १९३४ च्या ‘सिक्युरिटी अॅनालिसिस’ या जाडजूड ग्रंथाच्या आरंभी त्याने रोमन कवी होरेसच्या ओळी दिल्या. पुढे त्याने मारिओ बेनेदेत्ती या उरुग्वेच्या लेखकाची कादंबरी स्पॅनिशमधून इंग्रजीत आणली. बाजाराचा लहरीपणा समजावताना त्याने सूत्र मांडलं नाही, एक पात्र उभं केलं: रोज दारात येऊन वेगळाच भाव सांगणारा भागीदार, मिस्टर मार्केट. आकडे त्याला येत होतेच. पण ते माणसं लिहितात, आणि माणसं घाबरतात किंवा हावरटपणा करतात, ही जाण त्याच्याकडे साहित्यातूनही आली असणार.

गैरसमज २: रोज पाचशे पानं वाचली की बफेट होता येतं.

वस्तुस्थिती: पानांचा आकडा सांगायला सोपा म्हणून तेवढाच फिरतो. २००२-०३ मध्ये बफेटने पेट्रोचायना या चिनी तेल कंपनीचा वार्षिक अहवाल वाचला आणि ४८.८ कोटी डॉलरचे शेअर घेतले. त्याच्या हिशेबाने कंपनीची किंमत सुमारे १०० अब्ज डॉलर होती, तर बाजार ती ३७ अब्जांना देत होता. २००७ मध्ये ते शेअर त्याने ४ अब्ज डॉलरला विकले.

या गोष्टीत अहवाल एकच आहे. मात्र तो उघडण्याआधी तेलाच्या धंद्याचं कित्येक वर्षांचं वाचन झालेलं होतं. त्याच सुमारास रशियाची युकोस ही तेल कंपनीही स्वस्त दिसत होती. दोन्ही देशांकडे पाहून त्याने चीन निवडला. ऑक्टोबर २००३ मध्ये युकोसच्या मालकाला अटक झाली आणि पुढे ती कंपनी मोडीत निघाली. तेलाचे साठे दोघींच्या कागदांवर होते. मालकी टिकेल का, हे मात्र त्या त्या देशाच्या राजकारणात वाचावं लागत होतं.

गैरसमज ३: वार्षिक अहवालात सगळं असतं. तो नीट वाचला की पुरे.

वस्तुस्थिती: अहवाल वाचायचाच, पण सिद्धेश्वरच्या धरणाकडे पाहतात तसा. या धरणाची एकूण साठवण सुमारे २५० दशलक्ष घनमीटर, आणि त्यातला उपयुक्त साठा सुमारे ८१. उरलेलं पाणी मृतसाठ्यात मोडतं, ते कालव्याच्या आवर्तनाला मिळत नाही. डोळ्यांसमोर एवढं पाणी दिसत असताना बातमीत उपयुक्त साठा शून्य टक्के असू शकतो, हे इथल्या शेतकऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. ताळेबंदातल्या मालमत्तेलाही हाच प्रश्न विचारायचा: यातलं कामाला येणारं किती? वसूल न होणारी उधारी, न खपणारा माल, सहयोगी कंपन्यांना दिलेली कर्जं हे सगळं ‘एकूण’मध्ये दिसतं.

आणि कधी कधी आकडाच खोटा असतो. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यम कॉम्प्युटर्सचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी कबूल केलं की दाखवलेल्या ५,३६१ कोटी रुपयांच्या रोख आणि बँकशिलकीतले ५,०४० कोटी अस्तित्वातच नाहीत. त्या हिशेबांवर वर्षानुवर्षं लेखापरीक्षकांच्या सह्या होत्या. कंपनीला उत्तम कारभारासाठीचा गोल्डन पीकॉक पुरस्कारही २००८ मध्ये मिळाला होता. खूण होती ती अहवालाबाहेर. १६ डिसेंबर २००८ रोजी सत्यमने राजू कुटुंबाच्याच मेटास नावाच्या दोन कंपन्या सुमारे १.६ अब्ज डॉलरला घ्यायचं ठरवलं, आणि गुंतवणूकदार खवळल्यावर काही तासांत माघार घेतली. संगणक कंपनी मालकाच्या मुलांचा जमीन-बांधकामाचा धंदा का घेते आहे? जुन्या घोटाळ्यांचा इतिहास वाचलेल्या माणसाला हा प्रश्न सुचायला ताळेबंद लागत नाही.

गैरसमज ४: इतिहास, चरित्रं, मानसशास्त्र हा फावल्या वेळचा उद्योग. पैशांशी त्याचा संबंध नाही.

वस्तुस्थिती: मुंबईतली १८६५ ची शेअरमंदी वाचून पाहावी. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस थांबला, लँकेशायरच्या गिरण्या आपल्याकडच्या कापसावर आल्या आणि मुंबईत पैशाचा पूर आला. समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या. बॅक बे कंपनीचा पाच हजार रुपये भरणा झालेला शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. बँक ऑफ बॉम्बेला १८६३ च्या कायद्याने शेअरच्या तारणावर कर्ज देण्याची मोकळीक मिळाली होती. त्या कर्जातून आणखी शेअर घेतले जात होते. एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपलं, कापूस कोसळला, १ जुलैला वायद्यांची पूर्तता करायची वेळ आली आणि बाजार बसला. पुढे बँकही बुडाली. दिनशा वाच्छा यांनी या काळावर स्वतंत्र पुस्तक लिहून ठेवलं आहे. ते वाचलेला माणूस पुढच्या प्रत्येक तेजीत एक प्रश्न विचारतो: हा भाव कुणाच्या कर्जावर उभा आहे? १९९२ मध्ये बँकांचा पैसा शेअर बाजारात वळवल्याचं उघडकीला आलं, तेव्हा उत्तर पुन्हा जवळपास तेच होतं.

चरित्रांतून वेगळे प्रश्न मिळतात. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला. नांगर चांगला होता, पण लोखंडाने जमीन बिघडते या समजुतीपायी शेतकरी तो घेईनात. सुरुवातीचे नांगर खपायला जवळजवळ दोन वर्षं लागली. नव्या मालाची कंपनी पाहताना तिच्या मालाच्या गुणांइतकंच हेही बघावं लागतं, की गिऱ्हाइकाचं मन वळेपर्यंत तग धरायला तिच्याकडे पैसा आहे का.

मानसशास्त्राचं तर विचारूच नका. बफेटचा भागीदार चार्ली मंगर याला रॉबर्ट चाल्डिनीचं ‘इन्फ्लुअन्स’ हे पुस्तक इतकं मोलाचं वाटलं की त्याने लेखकाला बफेटच्या बर्कशायर या कंपनीचा ‘अ’ वर्गातला एक शेअर भेट पाठवला. लोक भुलतात कसे, हा त्या पुस्तकाचा विषय. आपल्याकडे मुंबईच्या पराग पारिख यांनी २००९ मध्ये मूल्याधारित गुंतवणूक आणि माणसाचं वर्तन या दोन्हींवर मिळून इंग्रजीत पुस्तक लिहिलं. भारतीय गुंतवणूकदार घाईत का विकतो आणि तोट्यातला शेअर का धरून बसतो, याची चिकित्सा त्यात आहे. २०१५ मध्ये बर्कशायरच्या सभेसाठी ओमाहाला गेले असताना अपघातात त्यांचं निधन झालं.

गैरसमज ५: हे मुंबईच्या माणसांचं काम. गावात बसून काय कळणार?

वस्तुस्थिती: हिंगोलीच्या मोंढ्यात सोयाबीनचा भाव का पडला, एवढा एक प्रश्न घेऊन वाचत जावं.

२०२३ साली प्रशांत महासागरात एल निनो होता. देशात त्या वर्षीचा ऑगस्ट हा १९०१ पासूनच्या नोंदींतला सर्वांत कोरडा ठरला. उसाचं उत्पादन घटेल आणि साखर कमी पडेल या भीतीने केंद्र सरकारने ७ डिसेंबर २०२३ रोजी उसाच्या रसापासून इथेनॉल करायला मनाई केली. आठवडाभरात ती मर्यादेसह सैल केली, पण साखर कंपन्यांचे शेअर तोवर आपटले होते. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचं धोरण मात्र तसंच पुढे जायचं होतं. मग मका वापरला जाऊ लागला, आणि त्या हंगामात तोच इथेनॉलचा सर्वांत मोठा कच्चा माल ठरला. मक्याचं इथेनॉल काढल्यावर प्रथिनांनी भरलेला चोथा उरतो. व्यापारी त्याला डीडीजीएस म्हणतात. तो स्वस्त पडतो, म्हणून कोंबडीखाद्यात सोयापेंडीच्या जागी जाऊ लागला.

सोयाबीन गाळलं की तेल निघतं साधारण १८ टक्के, बाकी मुख्यतः पेंड. त्यामुळे पेंडीचा भाव पडला की सोयाबीनचा पडतो. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारने कच्च्या खाद्यतेलावरचं एकूण आयात शुल्क ५.५ वरून २७.५ टक्क्यांवर नेलं, तेव्हा सोयाबीन वधारेल अशी आशा होती. तरीही त्या हंगामात मोंढ्यांमधला भाव ४,८९२ रुपये या हमीभावाच्या खालीच राहिला. जगभर सोयाबीन मुबलक होतं हेही एक कारण, पण पेंडीकडे न पाहणाऱ्याला हे कोडं सुटणारच नव्हतं.

आता हीच साखळी गुंतवणूकदाराच्या नजरेने वाचली तर साखर कारखाने, मका घेणाऱ्या इथेनॉल कंपन्या, तेल गाळणारे आणि कोंबडीपालन कंपन्या असे चार धंदे एका धाग्यात येतात. एकाचा तोटा दुसऱ्याचा कच्चा माल स्वस्त करतो. हे चार अहवाल मुंबईत बसूनही वाचता येतात. फरक एवढाच, की मोंढ्यात माल घेऊन उभा असलेला माणूस त्या साखळीचं शेवटचं टोक कागदावर यायच्या आधी पाहतो. कंपन्यांचे अहवाल शेअर बाजारांच्या संकेतस्थळांवर फुकट मिळतात, बाजारभाव रोज जाहीर होतात, धरणसाठे वर्तमानपत्रात येतात.

इंग्रजीची अडचण खरी आहे, कारण अहवाल बहुतेक इंग्रजीतच असतात. पण त्यातले शब्द ठरावीक असतात, आणि दोन-तीन अहवालांत तेच तेच पुन्हा भेटतात. बाकीच्या वाचनासाठी मराठी विश्वकोश महाजालावर मोफत खुला आहे, आणि राज्याच्या १९६७ च्या ग्रंथालय कायद्याने मान्यता मिळालेली सार्वजनिक ग्रंथालयं खेड्यांतही आहेत.

गैरसमज ६: भरपूर वाचणारा चुकत नाही, कारण त्याला पुढचं दिसतं.

वस्तुस्थिती: जॉन मेनार्ड केन्स या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञापेक्षा अर्थव्यवस्था अधिक वाचलेला माणूस शोधून सापडायचा नाही. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजचा पैसा तो सांभाळत असे. आधी त्याने तेजी-मंदीची चक्रं ओळखून पैसा फिरवला आणि १९२९ च्या पडझडीत हात पोळून घेतले. पुढे तो नाद सोडून नीट समजलेल्या थोड्या कंपन्या दीर्घकाळ धरून ठेवू लागला, तेव्हा त्याला यश आलं.

बफेटने २०११ मध्ये आयबीएममध्ये दहा अब्ज डॉलरहून जास्त रक्कम गुंतवली आणि या कंपनीचे अहवाल आपण पन्नास वर्षं वाचत आलो आहोत, असं सांगितलं. कंपनीचा धंदा त्याच्या अपेक्षेप्रमाणे वाढला नाही. २०१८ पर्यंत त्याने सगळे शेअर विकले. पन्नास वर्षांचं वाचन चूक टाळू शकलं नाही, पण ही चूक त्याला बुडवणारीही नव्हती. ती रक्कम त्याच्या एकूण पसाऱ्यात मोजकी होती.

तेव्हा वाचनाकडून भविष्याची अपेक्षा ठेवू नये. त्यातून प्रश्न मिळतात, आणि ते आधीच्या माणसांनी पैसे घालवून मिळवलेले असल्यामुळे आपल्याला स्वस्त पडतात. शेअर घेण्याआधी तीन प्रश्न कागदावर लिहावेत. या मालमत्तेतलं कामाला येणारं किती? हा भाव कुणाच्या कर्जावर उभा आहे? माझा अंदाज चुकला तर माझं किती जाईल? त्यांची उत्तरं एका पानात मांडता आली नाहीत तर पैसे बँकेत राहू द्यावेत. आणि बियाण्याचे, खताचे, हळदीच्या बेण्याचे पैसे तर उत्तरं आली तरी बाजारात नेऊ नयेत, कारण पेरणी शेअरचा भाव वर येण्याची वाट पाहत थांबत नाही.