बर्फाच्या मागावर निघालेले शीड

न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन नदीकाठच्या धनिकांना एकोणिसाव्या शतकात बर्फावरच्या शिडाच्या नौकांचे वेड होते. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे काका जॉन रूझवेल्ट यांची ‘आयसिकल’ ही त्यांतली सर्वांत नावाजलेली नौका. तिची लांबी सुमारे ६९ फूट आणि शिडाचे कापड १,०७० चौरस फूट. १८७१ साली काठावरच्या रुळांवरून धावणाऱ्या शिकागो एक्स्प्रेसला तिने मागे टाकले होते. आज मात्र जगभर सर्वाधिक चालवली जाणारी बर्फनौका आहे ती अवघ्या बारा फुटांची. ‘डेट्रॉइट न्यूज’ या वृत्तपत्राच्या हौशी कारागिरांसाठी असलेल्या कार्यशाळेत आर्ची ॲरोल यांनी १९३७ मध्ये तिचा आराखडा केला. त्या वृत्तपत्राची आद्याक्षरे घेऊन ती ‘डीएन’ झाली. तिची डोलकाठी सोळा फूट, आडवी फळी आठ फूट आणि शीड साठ चौरस फूट. मोठ्या नौकेवर छोटीने केलेली ही मात स्वस्ताईची मात म्हणून सांगितली जाते. मला ते कारण अपुरे वाटते. डीएन जिंकली ती मुख्यतः गाडीच्या टपावर बांधून नेता येते म्हणून, आणि तिची हीच सोय आज तळ्यांवरचा बर्फ किती कमी झाला आहे हे आपल्या नजरेआड करते.

हे पटण्यासाठी आधी या नौकेला कसला बर्फ लागतो ते पाहायला हवे. पाण्यातल्या होडीची बरीचशी शक्ती पाणी कापण्यात आणि स्वतःच उठवलेल्या लाटेशी झगडण्यात जाते. बर्फावर तो अडसर जवळजवळ उरत नाही. पावसात दुचाकी चालवताना सरळ पडणारे थेंबही समोरून आल्यासारखे लागतात, तसाच नौका वेग घेईल तसा तिला लागणारा वारा पुढच्या बाजूला सरकतो आणि जोरकसही होतो. शीड घट्ट ओढून धरले की या वाऱ्यातून नौका आणखी वेग काढते. त्यामुळे चांगल्या बर्फावर ती मूळ वाऱ्याच्या तिप्पट-चौपट वेगाने पळू शकते. पण हे सगळे गणित तीन पोलादी पात्यांच्या धारेवर उभे असते. दोन पाती आडव्या फळीच्या टोकांना असतात आणि तिसरे, सुकाणूचे, नाकाशी. कानशीने घासून काढलेल्या त्या धारेने बर्फात एवढेच रुतायचे, की नौका बाजूला घसरणार नाही आणि पुढे जाताना अडणारही नाही. वाऱ्याचा झोत आला की आडवी फळी धनुष्यासारखी वाकते आणि वाऱ्याकडचे पाते हलके होऊन उचलले जाऊ लागते. चालक पाठीवर जवळजवळ आडवा पडलेला असतो. एका हातात शिडाची दोरी, दुसऱ्यात सुकाणूचा दांडा. बर्फ फुटलाच तर पाण्यातून वर सरपटत येता यावे म्हणून गळ्यात दोन टोकदार आकडे अडकवलेले असतात.

एवढ्या बारीक हिशेबाला बर्फाचा कोणताही थर चालत नाही. वाऱ्याविना आणि हिमवर्षावाविना कडाक्याची थंडी पडली, तर तळ्यावर काचेसारखा पारदर्शक, टणक थर धरतो. खालचे गडद पाणी त्यातून दिसते म्हणून त्याला काळा बर्फ म्हणतात. त्यावर हातभर हिम पडले की नौका जागच्या जागी रुतते, आणि ते हिम वितळून पुन्हा गोठले की उरतो खडबडीत पांढरा पापुद्रा. म्हणजे तळे तीन महिने गोठलेले असले तरी शीड उभारण्याजोगे दिवस त्यातले थोडेच. नौका हलवता येत नसेल, तर आपल्या काठावर ते दिवस येण्याची वाट पाहत बसावे लागते. आयसिकलसारख्या अवजड नौकेचा खटाटोप परवडला तो हिवाळ्यावर भरवसा ठेवता येत होता म्हणून. त्याच शतकात न्यू इंग्लंडच्या तळ्यांतला बर्फ कापून, भुशात बांधून, जहाजाने थेट मुंबईपर्यंत विकायला येत होता. गोठणाऱ्या तळ्यावर व्यापार उभा राहावा इतकी ती थंडी खात्रीची होती.

यावर कोणी म्हणेल, की डीएन मंदीच्या काळात जन्मली, सामान्य माणसाला घरच्या घरी बांधता यावी म्हणूनच ती काढली गेली. मग मूळ कारण पैसाच नाही का? जन्माचे कारण तेच, यात वाद नाही. पण प्रसाराचे कारण वेगळे असू शकते. डीएनच्या आधी, १९३२ मध्ये, एस्टोनियात एरिक फॉन होल्स्ट यांनी ‘मोनोटाइप १५’ ही नौका आखली होती. तिचे शीड पंधरा चौरस मीटर, म्हणजे डीएनच्या अडीचपटीहून मोठे, आणि चालवायला दोघे. नौका उत्तम, बाल्टिकच्या किनाऱ्यांवर ती आजही धावते. तरीही पोलंड, जर्मनी, स्वीडन आणि खुद्द एस्टोनियातल्या शर्यतबाजांनीही पुढे अमेरिकेतली ती बारा फुटी होडी उचलली. एकट्याने उचलून बांधता येणारी नौका असेल, तरच शुक्रवारी फोन करून कुठे काळा बर्फ धरला आहे ते विचारता येते आणि शनिवारी तिथे शीड उभारता येते. डीएनच्या विश्वविजेतेपदाचे ठिकाणही याच रीतीने, बर्फ पाहून, स्पर्धेच्या तोंडावर ठरते. दुसऱ्या कुठल्या खेळाचे मैदान खेळाडूंना असे दरवर्षी शोधत जावे लागत असेल असे मला वाटत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. बर्फ पूर्वीपासूनच लहरी आहे. मग आजच्या भटकंतीचे खापर तापमानवाढीवर का फोडायचे? लहरीपणा खराच, आणि हडसनपुरते तर हेही मान्य केले पाहिजे की तिथला मधला प्रवाह बोटींसाठी बर्फफोड्या जहाजांनी मोकळा ठेवला जातो. म्हणून एखाददुसऱ्या हिवाळ्यावर विसंबून चालणार नाही. लांब पल्ल्याच्या नोंदीच पाहायला हव्यात, आणि सुदैवाने त्या आहेत. जपानच्या सुवा तलावावर बर्फाला पडणाऱ्या मोठ्या भेगेची नोंद तिथले पुजारी १४४३ पासून ठेवत आले आहेत. अलीकडच्या दशकांत ती भेग न पडणारे हिवाळे वाढत गेले. विस्कॉन्सिनमध्ये मॅडिसन शहर ज्या मेंडोटा तलावाकाठी वसले आहे, तो एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला वर्षातले सुमारे चार महिने गोठलेला असे. आता त्यातला जवळपास एक महिना गेला. उत्तर गोलार्धातल्या तळ्यानद्यांच्या १८४६ ते १९९५ या काळातल्या नोंदी एकत्र केल्यावर असे दिसले, की दर शंभर वर्षांत गोठण्याची तारीख ५.८ दिवसांनी पुढे गेली आणि बर्फ फुटण्याची ६.५ दिवसांनी अलीकडे आली. २०१९ मधल्या एका अभ्यासाच्या अंदाजानुसार आज सुमारे १४,८०० तळी दरवर्षी गोठण्याची खात्री उरलेली नाही. तापमान दोन अंशांनी वाढले तर ही संख्या ३५,३०० होईल. लहरीपणाला अशी एकाच दिशेची चाल नसते. आणि हे आकडे बर्फाच्या पांघरुणाचे आहेत, काळ्या बर्फाचे नव्हेत. मोसमाची दोन्ही टोके झिजत असताना सुरुवातीचे ते टणक, हिमविरहित दिवस त्याच प्रमाणात टिकतील, असे गृहीत धरायला काहीच आधार नाही.

मार्च २०१४ मध्ये हडसन पुरेशी गोठली तेव्हा बॅरीटाउनपाशी ‘जॅक फ्रॉस्ट’ आणि ‘रॉकेट’ या दोन्ही जुन्या महानौका बर्फावर उतरल्या, आणि तो मोठा सोहळा ठरला. इतक्या वर्षांनी तो योग आला, यातच मोठ्या नौकांची आजची स्थिती कळते. छोट्या नौकांच्या जगात मात्र अशी पोकळी दिसतच नाही. एक तळे नाही तर दुसरे, हे राज्य नाही तर पलीकडचे. स्पर्धा होतात, निकाल लागतात, चषक दिले जातात. ही परिस्थितीशी जुळवून घेण्याची कला आहे, तिचे कौतुकच करावे, असे कोणी म्हटले तर मी त्यात सामील आहे. फक्त त्या कौतुकाची किंमत कोण मोजतो तेही पाहावे. ज्याच्यापाशी गाडी, इंधनाचा पैसा आणि ऐन वेळी रजा आहे, तोच बर्फाच्या मागे जाऊ शकतो. घरी फळ्या कापून नौका बांधणारा डेट्रॉइटचा कामगार आणि शाळा सुटल्यावर तळ्यावर जाणारी पोरे ज्या होडीसाठी डोळ्यांसमोर होती, तिच्यापासून आज तीच माणसे आधी तुटतात. त्यांची गैरहजेरी विश्वविजेतेपदाच्या निकालपत्रात कधी उमटणार नाही.

मूठभरांच्या छंदाचा एवढा घोर का, असेही विचारता येईल. पण त्याच बर्फावर इतरांचीही ये-जा असते. लेक सुपीरियरमधल्या मॅडेलिन बेटावरचे रहिवासी हिवाळ्यात मुख्य भूमीला जातात ते गोठलेल्या पाण्यावरच्या रस्त्याने. बर्फ धड धरलेला नसतो आणि धड गेलेलाही नसतो तेव्हा त्यांना पंख्याच्या घसरगाडीचा आधार घ्यावा लागतो. बर्फाचा पोत, भेगा, जाडी इतक्या जवळून आणि इतक्या वारंवार तपासणारी माणसे शिडवाल्यांखेरीज फार नाहीत. त्यांनी सगळे लक्ष पुढच्या तळ्यावर न देता मागे राहिलेल्या तळ्याचाही हिशेब ठेवला, तर पांघरुणाच्या आकड्यांतून जे कळत नाही ते कळेल. घरच्या तळ्यावर यंदा किती दिवस शीड उभारता आले, हा एक रकाना प्रत्येक क्लबाने आपल्या निकालपत्रात, विजेत्यांच्या नावांशेजारीच, छापायला हवा.